कुंद्याचं वावर आणि दहा नंबरचा टायर

चैत्र सरत आला की आमच्या चिखलीच्या घरासमोर ट्रॅक्टरांची रांग लागते. रस्त्यापलीकडे टायरचं दुकान आहे. उन्हाळी नांगरट सुरू व्हायच्या आधी आसपासच्या गावांचे लोक इथं येतात. कुणाचा टायर फाटलेला, कुणाची ट्यूब गेलेली, कुणाला नवी जोडी हवी. दिवसभर लोखंडावर लोखंड वाजत असतं. दुकानदार आतून ओरडतो, "नंबर सांगा!" आणि बाहेरचा शेतकरी चाकापाशी वाकतो, अंगठ्यानं धूळ पुसतो आणि आकडे वाचू लागतो.

त्या क्षणी माझ्या हातातलं काम थांबतं. निवडायच्या डाळीत बोटं तशीच राहतात. तो आकडा नीट वाचेल ना, दुकानदार नीट ऐकेल ना, एवढंच मनात येतं. माझी मुलगी हसते. "आई, टायर त्याचा, पैसे त्याचे. तुझा जीव काऊन वरखाली होतो?"

काय सांगू तिला! ती जन्मायच्या आधीचा तो उन्हाळा. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. आमच्या सगळ्या वस्तीचं पुढचं आयुष्य तेव्हा एका चाकावर तोललेलं होतं, आणि ते चाक चुकीचं होतं.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. आमचं गाव उंद्रीपासून बैलगाडीनं जायच्या अंतरावर. आमच्या बौद्ध वस्तीतल्या भूमिहीन घरांना मिळून सरकारनं गावाबाहेरची पडीक जमीन दिली होती. नाल्याला लागून, काळी, खोल माती. ऐकणाऱ्याला वाटेल, नशीबच उघडलं. पण त्या मातीत कुंदा होता. कुंदा हे नुसतं गवत नव्हे, जमिनीखाली पसरलेलं जाळं असतं ते. वरून कापा, खुरपा, पेटवून द्या, ओल मिळाली की तो पुन्हा डोकं वर काढतो. त्याच्या मुळ्या माणसाच्या कमरेइतक्या खोल जातात. साध्या बैलनांगराला तो दाद देत नाही. म्हणून तर ती जमीन पिढ्यान् पिढ्या कुणी कसली नव्हती, आणि म्हणूनच ती आमच्या वाट्याला आली होती.

जमिनीला अट होती. मृगाच्या आधी महसूल खात्याचे सर्कलसाहेब येणार, जमीन पाहणार. ती वहितीखाली आलेली, म्हणजे नांगरलेली दिसली तर आमची, नाही तर परत सरकारजमा. गावातल्या काही लोकांची ढोरं तिथं चरत आली होती. आम्ही ती जमीन सोडावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते भांडले नाहीत, मारामारी केली नाही. फक्त कुणी बैल द्यायला तयार होईना. "आमचे बैल थकले," एवढंच उत्तर. भर फाल्गुनात सगळ्या गावाचे बैल एकाच वेळी थकले होते.

माझे मालक यशवंत पलटणीत ट्रक चालवून, नोकरी पुरी करून परत आलेले. कमी बोलणारे. इंजिनाचा आवाज मात्र ते माणसाच्या बोलण्यासारखा ऐकायचे. गावात देवराव अण्णा म्हणून एक मोठे शेतकरी होते. त्यांच्या कडुनिंबाखाली एक जुना विलायती ट्रॅक्टर विटांवर उभा होता. चिमण्यांनी त्याच्या सीटखाली घर केलं होतं. मागचा उजवा टायर फुटला आणि त्या मापाचा दुसरा कुठं मिळेना, म्हणून अण्णांनी तो तसाच सोडून दिला होता. अकोल्यापर्यंत माणूस पाठवला, सगळीकडे एकच उत्तर, "दहा नंबर आता येत नाही."

हे अण्णांकडे गेले, अंगणात उभे राहून सरळ म्हणाले, "अण्णा, टायर मी आनतो. इंजिन मी चालू करतो. आमच्या वावरापुरता द्या."

अण्णांनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, "आनलास तर घेऊन जाय. पन यशवंता, मागची पेटी फोडू नको बापा. ते फुटली तं सामान साता समुद्रापलीकडून बी येनार नाही."

मागची पेटी म्हणजे दोन मोठ्या चाकांच्या मधलं ते जाड लोखंडी पोट. चाकांना फिरवणारे दाते त्याच्या आत असतात. तोवर मला ते ठाऊक नव्हतं. पुढे त्या पेटीसाठी मी जितकी काळजी केली तितकी पोटच्या पोरांसाठीही केली नसेल.

वस्तीनं घरोघरून जमवलं, त्यात ह्यांनी पलटणीतली शिल्लक घातली आणि आम्ही दोघं उंद्रीहून एस.टी. धरून खामगावला गेलो. माझं माहेर त्या बाजूला, म्हणून मीही सोबत. खामगावची ती दुपार अजून नाकात आहे. कापसाच्या जिनांमधल्या सरकीचा वास, तेलाच्या घाण्याचा उग्र वास, आणि दुकानात शिरताच नव्या रबराचा. दुकान उस्मानचाचांचं. पांढरी दाढी, बनियनवर काळे डाग, बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं हिंदी.

"दहा-अठ्ठावीस पाहिजे," हे म्हणाले. अठ्ठावीस हे मधल्या लोखंडी चाकाचं माप, दहा ही टायरची रुंदी. "इंच," ह्यांनी मला वाटेत समजावलं होतं.

चाचा हसले. "दहा नंबर गया, भाऊ. कंपनीवाले बनवतच नाही आता. अठ्ठावीसमधी दोनच माल हाय माझ्यापाशी. एक हा जुना, अकरा. अन् एक तो नवा आला, अकरा पॉइंट दोन."

दोन टायर भिंतीला टेकून उभे होते. माझं लक्ष आपोआप दोघांच्या माथ्याकडे गेलं. मी हळूच म्हणाले, "अहो, तो नवा बुटका दिसते."

ह्यांनीही पाहिलं. चाचा म्हणाले, "हवा नाही ना त्यात, बाई. फुगला का मोठाच व्हईन. आकडाच मोठा हाय न त्याचा."

आणि खरंच, यात चुकीचं काय होतं? आमचा दहा. दहाला जवळचा अकरा. अकरा पॉइंट दोन त्याच्याही पुढचा. पहिली-दुसरी शिकलेलं लेकरूही हेच सांगेल. मला माझंच बोलणं बावळटपणाचं वाटलं. ह्यांनी अकरावर हात ठेवला. चाचांच्या माणसांनी तो एस.टी.च्या टपावर चढवला, आणि आम्ही खिडकीशी असे बसलो जसे काही लग्नाचं सामान घेऊन निघालो आहोत.

आकड्यांवर माणूस किती विश्वास ठेवतो! आकडा बोलत नाही, डोळे चुकवत नाही, म्हणून तो खोटं सांगणार नाही असं आपण धरून चालतो. पण आकडाही कुणीतरी माणसानंच दिलेला असतो, आणि तो माणूस मधेच मोजायची रीत बदलून बसलेला असू शकतो. हे शहाणपण पुढचं. त्या दिवशी आम्ही फक्त आनंदात होतो.

अण्णांच्या कडुनिंबाखाली टायर चढवायला अख्खी वस्ती आली. पहारी लावून कडा आत बसवल्या, आळीपाळीनं पंप मारला. पुरुष दमले की बाया मारायच्या. टायर फुगत गेला आणि हळूहळू सगळ्यांचं बोलणं कमी होत गेलं. ट्रॅक्टर डाव्या अंगाला कलून उभा राहिला होता. नवं चाक जुन्यापेक्षा चांगलं चार बोटं उंच होतं. आणि जाडही. फिरवायला गेलं तर वरच्या पत्र्याला, म्हणजे चाकावरच्या मडगार्डला, खर्रर्र घासायचं.

माझे सासरे, मामाजी, त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात राबलेला माणूस. त्यांनी विचारलं, "आता?"

हे ट्रॅक्टरभोवती फिरले. म्हणाले, "नांगरताना उजवं चाक सरीत उतरते. सरी खोल, चाक उंच. म्हंजे बरोबरीत येईन. चालीन." मग थोडं थांबून, "पन मडगार्ड काढा लागीन."

मडगार्ड काढलं. चालवणाऱ्याच्या मांडीपासून वीतभर अंतरावर आता ते मोठं, दातेरी चाक उघडं फिरणार होतं. ह्यांनी धोतराऐवजी पलटणीतली खाकी हाफपँट घातली. मी सदऱ्याची टोकं त्यांच्या कमरेत घट्ट खोचून दिली. ते म्हणाले, "येवढं काय?" मी म्हणाले, "काही नाही." दोघांनाही माहीत होतं काय ते.

मग सुरू झाला तो उन्हाळा.

पहाटे तांबडं फुटता फुटता इंजिन धडधडायचं आणि मी दचकून उठायची. पहिल्या दिवशी फाळ जमिनीत घुसला तेव्हा मातीतून कापड फाटल्यासारखा आवाज आला. कुंद्याच्या मुळ्या तुटत होत्या. ढेकळं उलटली, कमरेएवढी म्हणाल तर खोटं ठरेल, पण घागरीएवढी नक्की. त्यांच्या पोटातून पांढऱ्या मुळ्या लोंबायच्या. आम्ही बाया मागून त्या वेचत जायचो, ढीग करायचो, पेटवायचो. धूर डोळ्यांत, फुफाटा तोंडात, पायाखाली ढेकळं तव्यासारखी तापलेली. त्या धुराचा कडवट-गोड वास मला आजही कुठं कचरा जळताना आला की मी थांबते.

पण कामाचा थकवा वेगळा आणि भीतीचा वेगळा. भीती त्या पेटीची होती. ह्यांनी मला समजावलं होतं. दोन्ही चाकं सारखी असली तर आतले काही दाते सरळ वाटेवर निवांत असतात, फक्त वळताना कामाला लागतात. आमचं एक चाक उंच, एक बुटकं. त्यामुळे ट्रॅक्टर सरळ चालला तरी आत त्या दात्यांना वाटायचं की तो वळतोच आहे. त्यांना विसावा म्हणून नव्हता. लोखंड लोखंडाला घासत राहायचं, पेटी तापायची. तापून आतले दाते मोडले, की अण्णांचा ट्रॅक्टर गेला, आमची जमीन गेली.

म्हणून काही फेऱ्या झाल्या की हे थांबायचे. उतरून पेटीला हाताची पालथी बाजू लावायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. मग नुसतं उभं राहायचं. आभाळाकडे बघत, वेळ जातो आहे हे जाणवत, पण काहीही करता येत नाही असं उभं राहायचं. कधी मामाजी हात लावायचे, कधी मी. "उतरला का ताप?" "नाही अजून." असं आमचं बोलणं.

बांधावर ढोरांजवळ काही माणसं येऊन उभी राहायची. शिव्या नाहीत, काही नाही. नुसती बघत. एकदा एक जण दुसऱ्याला आम्हाला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाला, "लंगडा टॅक्टर हाय, कितीक दिवस चालते पाहू." त्यांचं ते वाट बघणं मला शिव्यांपेक्षा जड जायचं. आपण मोडण्याची कुणीतरी सावलीत बसून वाट बघतं आहे, हे ठाऊक असताना रोज काम करणं काय असतं, ते ज्यानं केलं त्यालाच कळेल.

तरी जमीन काळी होत चालली होती. पिवळ्या कुंद्याची पट्टी रोज अरुंद व्हायची. नाल्याकडचा एक तुकडा तेवढा उरला.

त्या सकाळी हे पेटी तापली म्हणून थांबले. इंजिन चालूच ठेवलं होतं, क्लच पायाखाली दाबलेला. एकदा बंद केलं की ते पुन्हा सुरू व्हायला फार रडवायचं. मामाजी मागून आले आणि पेटीला हात लावायला उजव्या चाकापाशी वाकले. धोतर नेसलेले. ह्यांना ते दिसले नाहीत. ताप उतरला असेल असं धरून ह्यांनी डावीकडून मागं पाहिलं, कुणी दिसलं नाही, आणि क्लचवरचा पाय उचलला.

मी मुळ्यांचा भारा घेऊन थोडी लांब होते. धोतराचा सोगा चाकाच्या दात्यात गेलेला मला दिसला. मी ओरडले. इंजिनापुढे माझा आवाज मला स्वतःलाच ऐकू आला नाही. मामाजी ओढले गेले, खाली पडले, पाय चाक आणि नांगराच्या दांडीच्या मधे. मी भारा टाकला, हाताला लागलं ते ढेकूळ उचललं आणि ह्यांच्या पाठीवर फेकलं. नेम कसा लागला देव जाणे. ते दचकून वळले आणि दोन्ही पायांनी क्लच-ब्रेकवर उभेच राहिले.

ट्रॅक्टर थांबला. सगळं थांबलं. विळ्यानं धोतर कापलं तेव्हा पोटरीचं हाड जिथं सरळ असावं तिथं नव्हतं.  मामाजींनी माझं मनगट धरलं. त्या पकडीचे वळ कितीतरी दिवस माझ्या हातावर होते.

बांधावरची माणसं धावत आली. वाट बघणारेच होते ते, पण धावत आले हे सांगायला हवं. त्यांच्यातल्याच एकानं आपलं उपरणं फाडून पायाला बांधलं. अण्णा बैल जुंपून दमणी, म्हणजे छोटी गाडी, घेऊन आले. मामाजींना तिच्यात घालताना त्यांनी उघड्या चाकाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "ट्रॅक्टर मी घरी नेऊन लावतो," एवढंच बोलले. ह्यांनी मान हलवली. उरलेली पिवळी पट्टी तशीच उन्हात पडून होती.

उंद्रीहून एस.टी.नं आम्ही खामगावच्या दवाखान्यात गेलो. मागच्या लांब सीटवर मामाजी आडवे, त्यांचा पाय ह्यांच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला हे आपलं अंग उचलून धरायचे, पाय हलू नये म्हणून.  डॉक्टरांनी हाड बसवलं, प्लास्टर घातलं. म्हणाले, चालतील, पण लंगडत चालतील.

हे भिंतीशी पाठ लावून उभे होते. म्हणाले, "बा, आता मी नाही बसत त्याच्यावर. जमीन जाऊ दे."

मामाजींनी डोळे उघडले. "माया पाय मोडला. वावर मोडलं का बे?"

"बा..."

"जाय. त्या दुकानदाराले इचार, हे असं चाक काऊन देलं म्हनून. सूनबाई, तू जाय संग. हा नुसता भांडन करीन."

उस्मानचाचांच्या दुकानासमोर एक ट्रॅक्टर उभा होता, अण्णांच्या ट्रॅक्टरचाच भाऊ. नांदुऱ्याकडचा एक शेतकरी त्याला ट्यूब बसवून घेत होता. हे तावातावानं पायरी चढले आणि मधेच थबकले. परत उतरले. त्या ट्रॅक्टरच्या मागं जाऊन उभे राहिले. एका चाकावर झिजलेला दहा-अठ्ठावीस होता. दुसऱ्यावर नवाकोरा अकरा पॉइंट दोन. दोन्हींची उंची सारखी. केसाचा फरक नाही.

"हा कसा काय?" ह्यांनी त्या शेतकऱ्याला विचारलं.

तो शेतकरी म्हणाला, "मले बी ठावं नोतं, दादा. दुसरा भेटत नोता म्हनून घाबरत घाबरत बसवला. निंघाला सारखाच. नंबर बदलला म्हन्ते कंपनीनं, टायर तेच. पयल्यांदा वेगळ्या रीतीनं मोजत, आता वेगळ्या."

म्हणजे नव्या मोजणीतला अकरा पॉइंट दोन हाच आमचा जुना दहा होता. आणि आम्ही नेलेला अकरा जुन्या मोजणीतला, म्हणून खरा मोठा. योग्य टायर पहिल्याच दिवशी आमच्या हाताच्या अंतरावर भिंतीला टेकून उभा होता. उस्मानचाचा दारात आले, त्यांनी दोन्ही चाकांकडे पाहिलं, मग आमच्या चेहऱ्यांकडे, आणि खालीच बसले पायरीवर. "या अल्ला," म्हणाले. "मलेच मालूम नोतं, बेटा. मी आकडाच पाह्यला."

हे भांडले नाहीत. भांडायचं कुणाशी? तिघांनी मिळून केलेली चूक होती ती, आणि तिघांनीही शुद्ध मनानं केलेली. चाचांनी नवा टायर स्वतः बाहेर काढला. "हा घेऊन जाय. तो मोठा सवडीनं आनून दे."

पुढे मला खूपदा वाटलं, त्या काळात किती गोष्टींचे आकडे आणि नावं बदलली. आमचा जिल्हा आधी मध्यप्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. उंद्री मात्र जिथल्या तिथं. तिथं पाटी बदलली, माती तीच राहिली. पण आमच्या वस्तीनं धम्म घेतला, तेव्हा तसं झालं नाही. नाव बदललं आणि माणसंही बदलली. मान वर करून जमीन मागायला गेली. म्हणून बदललेल्या नावाखाली तेच जुनं आहे की काही नवं, हे नुसतं नाव वाचून कळत नाही. दोन्ही शेजारी उभं करून बघावं लागतं.

दवाखान्यात ह्यांनी मामाजींना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "बा, तो टायर तथीच होता. पयल्या दिवशी." मी मामाजींच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भेटला न आता?"

"हाव."

"मंग इथं काऊन उभा हायेस?"

टायर घेऊन आम्ही अण्णांच्या दारी गेलो तेव्हा ट्रॅक्टर पुन्हा कडुनिंबाखाली उभा होता. अण्णा देतील की नाही, कुणालाच खात्री नव्हती. माणूस जायबंदी झाला होता. त्यांच्या घरातल्यांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल, ते त्यांच्या सुनेच्या तोंडावरच दिसत होतं.  अण्णांनी नवा टायर हातानं ढकलत नेऊन जुन्या डाव्या चाकाशेजारी उभा केला. एक बांबू दोन्हींच्या माथ्यावर आडवा ठेवला. बांबू सरळ बसला. अण्णा खाली वाकून तो पुन्हा पुन्हा बघत राहिले. मग बांबू बाजूला ठेवून म्हणाले, "येवढी वर्सं झाडाखाली सडवला मी याले. मलेच कोनी सांगतलं नाही का दहाले आता दहा म्हनत नाही."

टायर चढला तसे ते आत गेले, मडगार्ड घेऊन बाहेर आले. गोठ्यात ठेवलं होतं. पाना मागून घेतला आणि उन्हात घाम गाळत त्याचे सगळे नट स्वतःच्या हातानं आवळले. "हं. आता बस," ह्यांना म्हणाले.

हे बसले. ट्रॅक्टर वावरात नेला. पहिल्या सरीत तर ते दर पावलाला मागं वळून बघत होते, दोन्ही बाजूंनी. मग तिसऱ्या-चौथ्या फेरीला खांदे सैल झाले. थांबून मी पेटीला हात लावला. कोमट होती. सकाळच्या चुलीतल्या राखेइतकी कोमट. मी हात काढलाच नाही कितीतरी वेळ.

सर्कलसाहेब पटवाऱ्याला घेऊन आले तेव्हा आभाळात नुसते पांढरे ढग होते. साहेब ढेकळांवरून अडखळत पार नाल्यापर्यंत गेले. एका ठिकाणी काठीनं माती उकरली, खाली कुंदा आहे का पाहिलं. बांधावर सगळी वस्ती उभी, आणि गावही. मामाजींना आम्ही बाजेवर घालून आणलं होतं. साहेब परत आले, बुटांची माती झटकली आणि पटवाऱ्याला म्हणाले, "वहितीत आहे. लिहा."  माझ्या सासूबाई जिथं उभ्या होत्या तिथंच खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी माती चाचपू लागल्या.

ट्रॅक्टर धुऊन, पुसून अण्णांकडे परत गेला. पुढे कितीतरी वर्षं चालला. मामाजी मात्र कायमचे लंगडे झाले. कुणी विचारलं तर ते टायरची गोष्ट सांगायचे नाहीत. "वावर घेतलं, त्याच्यात पाय गेला," एवढंच म्हणायचे.

पेरणीला अण्णांनी आपले बैल दिले. तिफण ह्यांनी धरली. मूठ, म्हणजे तिफणीच्या चाड्यात बी सोडायचं काम, मामाजींचं. गावात त्यांच्यासारखी मूठ कुणाची नव्हती. मोठमोठ्या वावरांचे मालक त्यांना बोलावून न्यायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनीत पेरत आलेला तो हात, आपल्या जमिनीत पहिल्यांदा पेरणार होता. प्लास्टर निघालं होतं. ते काठी टेकत तिफणीमागं आले, ज्वारीची ओटी कमरेला बांधलेली. बैल चालले. मामाजी थोडं अंतर चालले, आणि ओल्या भुसभुशीत मातीत त्यांचा पाय बसेना. पुन्हा चालले. बैल पुढं जाताहेत, ते मागं राहताहेत. हे वळून वळून बघत होते.

मामाजी थांबले. कमरेची ओटी सोडली आणि माझ्या कमरेला बांधली. "धर," म्हणाले. "बोटं सैल ठेव. दाना सोडाचा, फेकाचा नाही."

मी मूठ भरली आणि चालू लागले. साऱ्या उन्हाळ्याची घाई माझ्या पायांत भरलेली होती. बैलांच्या पुढं जाते की काय अशी मी भराभरा निघाले. दाणे चाड्यात भसाभस पडू लागले. मागून मामाजींचा आवाज आला, वावरभर ऐकू जाईल असा:

"पोरी, हळू! कोनाच्या वावरात नाही चालून राह्यली तू. आपलं हाय."